डोंगर उजवीकडे, बुफे डावीकडे

नॉर्वेच्या क्रूझचं माहितीपत्रक उघडलं की पहिल्या पानावर फियॉर्ड असतो. हिरवंगार पाणी, दोन्ही अंगांना सरळसोट कडे, कड्यावरून उतरणारा धबधबा आणि मधोमध आगपेटीएवढं पांढरं जहाज. दुसऱ्या पानापासून फियॉर्ड गायब. तिथून पुढे जहाजच जहाज. मजले किती, रेस्तराँ किती, तरणतलाव किती, घसरगुंडी कुठे, कॅसिनो कुठे. शेवटून दुसऱ्या पानावर डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पहुडलेली एक बाई. एवढे पैसे मोजून जगातला एक अफाट देखावा बघायला गेलेल्या बाईचा डोळे झाकलेला फोटो का छापावा, असा प्रश्न पडतो. पण विचार केल्यावर वाटतं, अख्ख्या माहितीपत्रकात तेवढाच फोटो प्रामाणिक असावा.

आपल्याकडे युरोप ‘करून झालेला’ एक मोठा वर्ग आता तयार झाला आहे. स्वित्झर्लंड झालं, पॅरिस झालं, लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने न्यू जर्सी झाली. राहिली ती उत्तर. त्यामुळे हल्ली पुण्या-मुंबईत हॉल घेऊन क्रूझचे मेळावे भरतात. दाराशी गुलाबपाणी, आत एसी, पडद्यावर ड्रोनने काढलेले फियॉर्ड आणि मध्यंतरात वडा-चहा. ब्लेझर घातलेला एक चुणचुणीत मुलगा माइक फिरवत असतो. त्याला लोक काय विचारतात, ते एकदा मागच्या रांगेत बसून ऐकण्यासारखं आहे.

“जैन जेवण मिळेल ना?”

“मिळेल काका. आधी कळवायचं फक्त.”

“गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय हो. लिफ्ट आहे?”

“काकू, सोळा लिफ्ट आहेत. तुम्ही चालायचंच नाही.”

“बाल्कनीची खोली घ्यावी की खिडकीची?”

“डावी बाजू चांगली का उजवी?”

“वायफाय पॅकेजमध्येच ना?”

सगळं विचारून होतं. वडे संपतात. फक्त हे एवढं धूड त्या एवढ्याशा खाडीत शिरणार आहे का, आणि शिरलं तर आपण तेव्हा काय करत असू, हे कुणी विचारत नाही. खरं तर निवड करायची ती याच दोन प्रश्नांवर. बाकी जैन जेवण काय, ते ध्रुवावरसुद्धा मिळतं.

थोडा भूगोल. शाळेत एका मार्काला असायचा तोच. हिमनदीने हजारो वर्षं डोंगर खरवडून खोल दरी कोरली, बर्फ हटलं आणि समुद्र आत घुसला, की झाला फियॉर्ड. नॉर्वेतला सगळ्यात लांब सोग्नेफियॉर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत जातो आणि जिथे सर्वात खोल आहे तिथे तेराशे मीटर खोल आहे. हा झाला हमरस्ता. मजा त्याच्या गल्लीबोळांत आहे. त्यातलीच एक गल्ली म्हणजे नॅरॉयफियॉर्ड. सतरा किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळ्या जागी फक्त अडीचशे मीटर रुंद. २००५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतला तो हा नॅरॉय आणि उत्तरेकडचा गायरांगर. गायरांगरची लांबी पंधरा किलोमीटर, आणि दोन्हीकडचे डोंगर पाण्यातून उठतात ते थेट हजार-दीड हजार मीटर वर जाऊनच थांबतात.

असा फियॉर्ड बघायचा असतो तो पाण्यालगत, मान मागे टाकून. टोपी पडली पाहिजे. चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून तो बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी नसताच, त्याच्या पोटाच्या उंचीवर असता. खालचं काठावरचं लाल घर, त्याची होडी, कुंपणावर वाळत घातलेलं जाळं, यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो समोरचा खडक, आणि काचेत आपला स्वतःचा चेहरा.

आता त्या डाव्या-उजव्या बाजूच्या भांडणाविषयी. बाल्कनी कुठल्या अंगाची घ्यावी यावर कुटुंबांत अबोले होतात, म्हणून सांगून टाकतो. गायरांगरचं टोक बंद आहे. जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं. जाताना डावीकडच्यांना जे दिसतं ते येताना उजवीकडच्यांना दिसतं. म्हणजे न्याय चोख. फक्त एक अडचण आहे. मोठी जहाजं बहुतेक वेळा भल्या सकाळी आत शिरतात आणि संध्याकाळी निघतात. सकाळी शिरताना नाश्ता लागलेला असतो आणि संध्याकाळी निघताना जेवणाची पहिली पाळी. सप्तभगिनी नावाचा प्रसिद्ध धबधबा डेकच्या एका अंगाला कोसळत असतो, तेव्हा दुसऱ्या अंगाला ऑम्लेटच्या काउंटरवर रांग असते. समोरच्या कड्यावर त्या सात जणींना मागणी घालणारा एक धबधबा आहे. साती जणींनी नकार दिल्यावर त्याने बाटली जवळ केली अशी गोष्ट सांगतात आणि प्रवाहात बाटलीचा आकारही दाखवतात. बिचाऱ्याकडे आता प्रवासीही बघत नाहीत. ते हॅश ब्राउन बघत असतात.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. सप्तभगिनी सात असतात त्या मे-जूनमध्ये, डोंगरावरचं बर्फ वितळत असताना. उन्हाळा सरत आला की बहिणी एकेक करून माहेरी जातात. ऑगस्टअखेरीस स्वस्तातलं बुकिंग करणाऱ्याने चार मिळाल्या तरी समाधान मानावं. यात आपलं नशीब बरं. आपली मे महिन्याची सुट्टी आणि तिकडचं वितळणारं बर्फ यांचा मेळ बसतो. हार्डांगर फियॉर्डच्या काठावर सफरचंदांच्या बागाही त्याच सुमारास फुललेल्या असतात. पण मेळाव्यातल्या मुलाने “सप्टेंबरमध्ये ऑफर आहे काका” म्हटलं, की काकांचे कान टवकारतात. ऑफर कसली ते काका विचारत नाहीत.

तसंच ते ‘नॉर्दर्न लाइट्स’चं. एकाच पानावर मध्यरात्रीचा सूर्य आणि हिरव्या प्रकाशाचे पडदे असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापलेले असतात. सूर्य मावळतच नसेल तर आकाशातले दिवे दिसणार कसे, एवढा साधा प्रश्न आहे. उत्तरेकडच्या ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. ते दिवे बघायला सप्टेंबरअखेर ते मार्च असा काळोखाचा मोसम लागतो. दोन्ही हवं असेल तर दोनदा जा. कंपनीची ना नाही.

उत्तर टोकाचाही असाच प्रकार. नॉर्डकॅपचा ३०७ मीटर उंच कडा म्हणजे युरोपचं उत्तर टोक, असं सांगून बसा भरून नेतात. हा कडा मागेरॉया नावाच्या बेटावर आहे, मुख्य भूमीवर नाहीच. आणि त्याच बेटावर पश्चिमेला दिसणारं क्निव्हशेलोडन नावाचं बसकं टेपाड त्याच्याहून दीड किलोमीटरभर आणखी उत्तरेला घुसलेलं आहे. पण तिथे जायला दगडांतून काही तास पायी चालावं लागतं. म्हणून जिथे बस पोचते आणि गिफ्ट शॉप आहे, तेच टोक. थॉमस कुकने १८७५ साली पहिली सहल नेली तेव्हापासून ही वहिवाट आहे.

बर्गन शहराबद्दल मात्र कुणी फसवत नाही, कारण लपवायला काही जागाच नाही. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईत पडतो जवळपास तेवढाच. फरक इतकाच, की मुंबईत तो चार महिन्यांत उरकतो आणि बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पडत राहतो. सांताक्रूझचा माणूस लाखांत पैसे मोजून जुलैत तिथे जातो, रेनकोट घालून ब्रिगेनची जुनी लाकडी घरं बघतो आणि घरी फोन करतो, “इकडे काय सुंदर पाऊस आहे!”

राजेशाही थाटात फियॉर्ड बघण्याची हौस तशी जुनी आहे. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळपास दर उन्हाळ्यात आपल्या शाही यॉटमधून नॉर्वेला यायचा. आपले पर्यटक कड्यावर नाव कोरतात; त्याने सोग्नेफियॉर्डच्या काठी फ्रिट्योफ या दंतकथेतल्या वीराचा अवाढव्य पुतळाच उभा करून दिला. १९१३ साली. पुढच्याच वर्षी, जुलै १९१४ मध्ये, ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तेव्हाही हा गडी तिथेच बालेस्ट्रांडला सुट्टीवर होता. २५ जुलैला निघाला आणि आठवडाभरात महायुद्ध. क्रूझवर वायफाय नसल्याचे तोटे.

फियॉर्डात पाणी शांत असतं, हे खरं. पण एका फियॉर्डातून दुसऱ्यात जायला मध्ये उघडा समुद्र लागतो. हे काकूंना डायनिंग हॉलमध्ये सूप सांडल्यावर कळतं. मार्च २०१९ मध्ये वायकिंग स्काय नावाचं जहाज हुस्टाडविका नावाच्या अशाच बदनाम पट्ट्यात वादळात सापडलं. टाक्यांमध्ये वंगणाचं तेल कमी होतं, जहाज हेलकावायला लागल्यावर इंजिनं बंद पडली आणि ते खडकांच्या दिशेने वाहत निघालं. तेराशेहून अधिक माणसं जहाजावर होती. त्यातल्या ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. आणि ते काही मोडकळीला आलेलं जहाज नव्हतं, दोनच वर्षांचं कोरं होतं. बाकीच्यांना घेऊन जहाज कसंबसं मोल्डे बंदरात पोचलं. मेळाव्यात याचा व्हिडिओ दाखवत नाहीत. दाखवावा असंही नाही. पण “गोळी घ्यावी लागते का हो?” असं विचारणाऱ्या काकांना “छे, जहाज हलतच नाही” हे उत्तर देऊ नये.

आणि शांत फियॉर्डाचीही एक गंमत आहे. गायरांगरला जाताना वाटेत ओकनेस नावाचा डोंगर लागतो. त्याला वरच्या अंगाला लांबलचक भेग पडली आहे आणि ती दरवर्षी काही सेंटिमीटरने रुंदावते आहे. कधी ना कधी हा डोंगर पाण्यात येणार, हे तिथल्या भूशास्त्रज्ञांनी गृहीत धरलं आहे. आला की त्या चिंचोळ्या पाण्यात जी लाट उठेल ती हेलेसिल्ट आणि गायरांगर ही गावं गिळेल. जवळच्याच टाफियॉर्डात एप्रिल १९३४ मध्ये असंच झालं, ४० माणसं गेली. म्हणून ओकनेसवर रात्रंदिवस यंत्रांचा पहारा आहे, गावांत भोंगे आहेत, कुठल्या वाटेने वर पळायचं ते ठरलेलं आहे. यावर नॉर्वेच्या लोकांनी २०१५ साली एक झकास सिनेमाही काढला. संकटाची नीट मोजणी करायची, पळायची वाट आखायची आणि मग तिकीट लावून तेच पडद्यावर दाखवायचं. याला म्हणतात व्यवहार.

मात्र गायरांगरच्या लोकांना रोज सकाळी ज्या लाटेला तोंड द्यावं लागतं ती वेगळी. गावात बारमाही राहणारी माणसं जेमतेम अडीचशे. उन्हाळ्यात एका दिवशी दोन-तीन जहाजं नांगर टाकतात आणि त्यांतून काही हजार लोक तरंगत्या धक्क्यावरून किंवा होड्यांतून उतरतात. तीच गत फ्लोमची. चारशेच्या आतबाहेरचं गाव आणि दारात पंधरा मजली इमारत येऊन उभी. उतरलेले लोक फ्लोमच्या डोंगरी रेल्वेत बसतात. ही गाडी मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. वीस किलोमीटरमध्ये ८६६ मीटर चढते, वीस बोगदे लागतात, आणि १९४० साली सुरू झाली तेव्हा बहुतेक बोगदे हातांनी खणलेले होते. मध्येच एका धबधब्यापाशी गाडी थांबते, सगळे फलाटावर उतरतात, कुठूनसं गाणं वाजायला लागतं आणि वर खडकांत लाल झगा घातलेली एक बाई केस सोडून नाचते. ती तिथली रानातली मोहिनी. उन्हाळाभर ती प्रत्येक गाडीला भुलवते. शिट्टी झाली की सगळे मोबाइल खिशात घालून परत आत. भुलून मागे कुणी राहत नाही, कारण जहाज साडेचारला सुटतं.

जेवण जहाजावर फुकट असल्यामुळे गावात कुणी जेवत नाही. कॉफीची किंमत रुपयांत करून बघितली की तीही कुणी पीत नाही. गावाला मिळतो तो धूर. वारा पडलेल्या दिवशी चिमण्यांचा निळसर धूर दोन्ही कड्यांच्या मध्ये अडकून बसतो. बाहेर निघायला जागाच नसते. युनेस्कोचा वारसा बघायला आलेले लोक युनेस्कोच्या वारशावर धुराची शाल पांघरून जातात.

यावर नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये ठराव केला, की वारसा यादीतल्या फियॉर्डांत २०२६ पासून धूर सोडणारं एकही प्रवासी जहाज नको. जगभर टाळ्या पडल्या. बघता बघता तारीख जवळ आली, तेव्हा मोठ्या जहाजांसाठी तसं तंत्रज्ञान अजून हाताशी नाही असं ध्यानात आलं. मग नियमाची फोड झाली. दहा हजार टनांखालच्या जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून बंदी लागू. त्याहून मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत.

पुन्हा वाचा. छोट्यांना नोटीस, मोठ्यांना मुदतवाढ. वाचून ऊर भरून आला. इतक्या दूर, इतक्या स्वच्छ देशात, आपल्या ओळखीचं काहीतरी सापडलं. कारणंही तीच. मोठ्यांना एकदम बदलणं अवघड असतं, स्थानिक रोजगाराचा प्रश्न असतो, गुंतवणूक असते. अनधिकृत टपरी आणि अनधिकृत टॉवर यांना लागणारा न्याय उत्तर ध्रुवाजवळही तोच निघाला.

मात्र तिथले छोटे लोक मुकाट्याने घेत नाहीत, याचा इतिहास आहे. लोफोटेन बेटांच्या वाटेवर ट्रोलफियॉर्ड नावाची चिमुकली खाडी आहे. दोन किलोमीटर लांब, तोंडाशी शंभर मीटर. १८९० च्या मार्चमध्ये तिच्यात कॉड माशांचा प्रचंड थवा शिरला. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या जहाजांनी खाडीचं तोंड अडवलं. आतला मासा आमचा. तेव्हा वल्ह्यांच्या होड्यांवरचे कोळी दांडकी-गळ घेऊन त्यांच्यावर तुटून पडले आणि वाट मोकळी करून आत शिरले. गुन्नार बर्ग या चित्रकाराने त्याचं भलंमोठं चित्र काढून ठेवलं आहे. पुढे संसदेला कायदा करून छोट्यांची बाजू घ्यावी लागली. आता त्याच ट्रोलफियॉर्डात उन्हाळ्यात किनारपट्टीची बोट शिरते, टोकाला जाऊन जागच्या जागी वळते आणि डेकवरचे लोक टाळ्या वाजवतात.

या किनारपट्टीच्या बोटीबद्दल मेळाव्यात अवाक्षर निघत नाही. तिच्यावर दलाली कमी मिळत असावी. हुर्टिगरूटेन तिचं नाव. १८९३ साली रिशार्ड विट नावाच्या कप्तानाने सरकारकडून ठेका घेतला, की ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टपर्यंत टपाल आणि माणसं बारा महिने, दिवसरात्र नेऊ. त्याआधी हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच-पाच महिने लागत. अंधारात त्या खडकाळ किनाऱ्याने बोट हाकणं हा वेडेपणा आहे असं बाकीच्या कंपन्यांचं मत होतं. विटने आधी कित्येक फेऱ्यांत वेग, दिशा, वेळ यांच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. त्या वहीच्या भरवशावर तो निघाला. आज बर्गनहून कीर्केनेसपर्यंत आणि परत अशी बारा दिवसांची फेरी, वाटेत ३४ बंदरं. २०२१ पासून हाविला नावाची दुसरी कंपनीही त्या मार्गावर आहे. तिच्या बोटींवर इतक्या मोठ्या बॅटऱ्या आहेत की चार-चार तास इंजिन बंद ठेवून चालतात.

ही बोट म्हणजे क्रूझ नव्हे, तिथल्या लोकांची एसटी आहे. रात्री दोन वाजता एखाद्या बंदराला पाव तास लागते. क्रेनने मालाचे खोके उतरतात, एक आजी पिशवी घेऊन चढते, दोन शाळकरी पोरं फुटबॉलच्या सामन्याला निघालेली असतात. कॅसिनो नाही, घसरगुंडी नाही. करमणूक म्हणाल तर आर्क्टिक वृत्त ओलांडताना कर्मचारी तुमच्या मानेवरून पाठीवर बर्फ सोडतात आणि वर एक चमचा कॉड लिव्हर ऑइल पाजतात. आपल्या पिढीला लहानपणी हे घरीच फुकट मिळायचं. तिकीट स्वस्त नाही, हेही सांगतो. केबिन आपल्या बेडरूममधल्या कपाटाएवढी. पण ती बोट किनाऱ्याला धरून जाते आणि जे लोक तिथे राहतात त्यांच्यातून जाते.

तेवढेही दिवस नसतील त्याच्यासाठी गाड्या नेणारी फेरी आहे. हेलेसिल्ट ते गायरांगर, तोच फियॉर्ड, त्याच सात बहिणी, तासाभराचा प्रवास. ट्रकवाला, सायकलवाला आणि तुम्ही एकाच डेकवर, पाण्यापासून पुरुष-दोन पुरुष उंचीवर. नॅरॉयफियॉर्डात फ्लोम ते गुडवांगेन विजेवर चालणारी बोट २०१८ पासून आहे. चारशे माणसं बसतात आणि आवाज म्हणून नाही. तिच्या कडेने नागमोडी चढउताराची वाट केली आहे, म्हणजे गर्दीतही प्रत्येकाला कठड्याला टेकता येतं. दोन तासांत जगातला सर्वोत्तम फियॉर्ड पोटभर. यात एकच खोट. नंतर फोटो दाखवताना “आमचं जहाज” म्हणून दाखवायला काही नसतं.

आणि ज्यांना व्हिसाच्या रांगा नकोत (साउदॅम्प्टनहून सुटणारी क्रूझ घेतली तर ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा), त्यांची सोय तिथल्या सरकारी दूरदर्शनने करून ठेवली आहे. २०११ च्या जूनमध्ये त्यांनी हुर्टिगरूटेनवर कॅमेरे लावून बर्गन ते कीर्केनेस हा प्रवास थेट दाखवला. सलग १३४ तास. निवेदन नाही, मालिका नाही, भांडणं नाहीत. डोंगर येतोय, डोंगर जातोय. अर्ध्याहून जास्त देशाने कधी ना कधी तो लावला. काठावरचे लोक झेंडे घेऊन, बँड घेऊन कॅमेऱ्यापुढे येऊ लागले. राणी सोन्या शाही यॉटवरून हात हलवून गेली. आपल्याकडे इतक्या वेळात एका सुनेचा स्मृतिभ्रंश बरा होऊन परत जडतो.

तरी लोक मोठ्या जहाजानेच जाणार, हे मी गृहीत धरतो. गुडघे आहेत, जैन जेवण आहे, सोळा लिफ्ट आहेत. हरकत नाही. मग निदान जहाजावरून खाली उतरा आणि गायरांगरच्या कड्यावरची स्कागेफ्लो नावाची वाडी बघा. पाण्यापासून अडीचशे मीटर वर, कड्याला चिकटवल्यासारखी. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तिथे माणसं शेळ्या पाळून राहत. लेकरं खाली पडू नयेत म्हणून कमरेला दोर बांधून खुंट्याला अडकवून ठेवत, असं सांगतात. राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस १९९३ साली तिथे वर जाऊन साजरा केला. वाडीवर जायच्या वाटेत एका अवघड जागी शिडी होती. खाली सारा वसूल करायला अधिकाऱ्याची होडी लागली की वाडीवाले शिडी वर ओढून घेत. अधिकारी खालून हाका मारून परत जाई.

२०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने नवा कायदा केला. पाहुण्यांनी बेजार झालेल्या गावांना मुक्कामाच्या भाड्यावर तीन टक्क्यांपर्यंत कर लावता येईल आणि क्रूझच्या प्रवाशांनाही त्यातून सुटका नको, अशी तरतूद आहे. म्हणजे आता वसुलीला गाववाले येणार. शिडी ओढून घ्यायची पाळी बाराव्या मजल्यावरच्या काकांची.